पंचवीस-पंधरा ते बीम्स : राज्याच्या तिजोरीचा माग तालुक्यातून

धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यात कुठेही रस्ता, सभामंडप किंवा गटाराचा विषय निघाला की काही आकडे हमखास कानावर पडतात. "पंचवीस-पंधरातून मंजूर झालंय", "तीस-चोपन्नला टाकलंय", "ते पन्नास-चोपन्नचं काम आहे". सरपंच असे बोलतात, कंत्राटदार बोलतात, पारावर बसलेली जुनी माणसेही बोलतात. २५१५, ३०५४ आणि ५०५४ ही राज्याच्या अर्थसंकल्पातली लेखाशीर्षे आहेत. विधिमंडळात मांडल्या जाणाऱ्या जाडजूड पुस्तकांतून निघालेले हे आकडे सास्तूर, जेवळी, माकणीपर्यंत पोचले आहेत. त्यांचेच बोट धरून उलट मुंबईपर्यंत जाता येते, हे मात्र फार थोडे जण करून पाहतात. राज्याच्या पैशाचा अभ्यास नागरिकाने कसा करावा, या प्रश्नाचा विचार करताना मला हीच वाट सर्वांत खात्रीची वाटते. अर्थसंकल्पाच्या भाषणापासून सुरुवात करणारा वाचक कोटींच्या आकड्यांत हरवतो. गावातल्या एका कामापासून सुरुवात करणाऱ्याच्या हातात निदान एक टोक तरी असते.

या अभ्यासाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे आणि ती तज्ज्ञांपुरती कधीच नव्हती. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० साली स्थापन झाली आणि तिच्या त्रैमासिकात सरकारी जमाखर्चाची चिरफाड होऊ लागली. त्या काळात या विषयाचा सर्वांत बारकाईने अभ्यास करणाऱ्यांपैकी एक होते रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी. ते व्यवसायाने शिक्षक होते आणि आपल्या शेजारच्या सोलापुरात मुख्याध्यापक होते. गोपाळ कृष्ण गोखल्यांची १९०२ पासूनची अर्थसंकल्पावरची भाषणे देशभर गाजली. त्यांच्या मागच्या आकडेवारीसाठी गोखले जोशींवर विसंबून असत. पुढे बाबासाहेब आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठासाठी जो प्रबंध लिहिला आणि १९२५ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला, त्याचा विषयच ब्रिटिश भारतातल्या प्रांतांची वित्तव्यवस्था हा होता. प्रांताला पैसा कुठून मिळतो, केंद्र किती ठेवून घेते आणि खर्चाचा हिशेब कोण कोणाला देतो, हे प्रश्न त्यांनी सरकारनेच छापलेल्या कागदांवरून सोडवले. आज केंद्राकडून येणाऱ्या वाट्यावर बोलणाऱ्या प्रत्येकाने ते पुस्तक उघडायला हवे. जोशींना आणि बाबासाहेबांना एकेका आकड्यासाठी ग्रंथालये धुंडाळावी लागली. त्याच जातीचे बहुतेक कागद आज लोहाऱ्यात मोबाइलवर उघडतात.

आधी मोठे चित्र पाहू. १० मार्च २०२५ रोजी मांडलेल्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्याचा एकूण खर्च ७,००,०२० कोटी रुपये धरला होता. महसुली जमा ५,६०,९६४ कोटी आणि महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी, म्हणजे ४५,८९१ कोटींची महसुली तूट. राजकोषीय तूट १,३६,२३५ कोटी होती. २००५ च्या राजकोषीय उत्तरदायित्व कायद्याने घातलेली मर्यादा स्थूल राज्य उत्पन्नाच्या तीन टक्क्यांची आहे आणि ही तूट तिच्या आत बसत होती. महसुली तुटीचा अर्थ साधा आहे: रोजचा खर्च भागवायलाही कर्ज लागते. महसुली खर्चातला सुमारे निम्मा भाग पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांतच जातो. म्हणून नवी योजना जाहीर झाली की ती कशाच्या जागी आली, हा पहिला प्रश्न विचारावा.

एवढ्यावर मात्र कुणी थांबू नये, कारण मार्चचा अर्थसंकल्प ही वर्षाची सुरुवात असते. त्याच वर्षी जुलैमध्ये ५७,५०९ कोटींच्या आणि डिसेंबरमध्ये नागपूरला ७५,२८६ कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या. मूळ खर्चाच्या जवळपास एकपंचमांश इतका हा आकडा होतो. या मागण्यांचा निव्वळ भार याहून कमी असतो, कारण काही रकमा एका शीर्षातून दुसऱ्या शीर्षात वळवलेल्या असतात. ही फोड पुरवणी मागण्यांच्या वेळीच दिली जाते, पण बातम्यांमध्ये सहसा एकच मोठा आकडा येतो. आदल्या वर्षी, जुलै २०२४ मध्ये, पुरवणी मागण्या ९४,८८९ कोटींच्या होत्या. मार्चमध्ये महिनाभर चर्चा होते आणि पुरवणी मागण्या काही दिवसांत मंजूर होतात. राज्याच्या वित्ताचा अभ्यास करणाऱ्याने आपले निम्मे लक्ष इकडे वळवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अर्थसंकल्पाची पुस्तके वाचताना डोळा पहिल्यांदा शेवटच्या स्तंभाकडे जातो, कारण घोषणा तिथे असते. खरी माहिती त्याच्या डावीकडे असते. दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज असे चार आकडे एका ओळीत छापलेले असतात. एखाद्या योजनेला शंभर कोटी दाखवले, सुधारित अंदाजात ते साठ झाले आणि प्रत्यक्षात चाळीस खर्चले, असा क्रम सलग तीन-चार वर्षे दिसला तर त्या योजनेविषयी भाषणात काय म्हटले याला फारसे महत्त्व उरत नाही. अर्थसंकल्पाच्या आधी अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' येते. ती मराठीतही असते आणि तिच्यात जिल्हानिहाय उत्पन्नाचे तक्ते असतात. याच संचालनालयाकडून जिल्ह्याचे सामाजिक व आर्थिक समालोचनही निघते. त्यात तालुक्यांचे तक्ते असतात. लोहारा वेगळा तालुका म्हणून १९९९ पासून अस्तित्वात असल्याने, त्याआधीचे आकडे पाहताना उमरग्याचे आकडेही पाहावे लागतात.

आता पुन्हा पंचवीस-पंधराकडे येऊ. लेखाशीर्षाचे पहिले चार अंक पुष्कळ काही सांगतात. ० किंवा १ ने सुरू होणारे शीर्ष महसुली जमेचे, २ किंवा ३ ने सुरू होणारे महसुली खर्चाचे, ४ आणि ५ चे भांडवली खर्चाचे, ६ आणि ७ चे कर्जाचे आणि ८ चे लोकलेख्याचे. ३०५४ आणि ५०५४ ही दोन्ही शीर्षे रस्ते आणि पुलांचीच आहेत. पहिल्यातून मुख्यतः देखभाल-दुरुस्ती होते आणि दुसऱ्यातून नवी मालमत्ता उभी राहते. ही यादी महाराष्ट्रापुरती नाही. महालेखापरीक्षकांच्या सल्ल्याने ठरलेली हीच मुख्य शीर्षे सर्व राज्यांत चालतात. त्यामुळे सीमेपलीकडच्या आळंद किंवा बसवकल्याण तालुक्यात कर्नाटक सरकार कशावर किती खर्च करते, याची तुलना त्याच क्रमांकांवरून करता येते.

२५१५ म्हणजे इतर ग्रामविकास कार्यक्रम. त्याखाली १२३८ या संकेतांकाने लोकप्रतिनिधींनी सुचवलेली, गावातल्या मूलभूत सुविधांची कामे चालतात. अशा कामांना निधी देताना ग्रामविकास विभाग शासन निर्णय काढतो आणि त्याच्या परिशिष्टात जिल्हा, तालुका, गाव, कामाचे नाव आणि लाखांतली रक्कम दिलेली असते. शासन निर्णयांचे संकेतस्थळ सगळ्यांना खुले आहे. विभाग, तारीख किंवा शब्द टाकून तिथे शोध घेता येतो. परिशिष्ट स्कॅन करून जोडलेले असेल तर गावाच्या नावाने ते सापडत नाही. मग तारखांचा अंदाज घेऊन एकेक निर्णय उघडावा लागतो. काम कंटाळवाणे आहे, पण अशक्य नाही. निर्णयाच्या शेवटी मागणी क्रमांक आणि लेखाशीर्ष लिहिलेले असते. ते टिपून घेतले की पुढची पायरी येते.

ही पायरी म्हणजे बीम्स. वित्त विभागाच्या या प्रणालीवरून मंत्रालयातून निधीचे वाटप होते आणि महाकोषाच्या संकेतस्थळावर तिचे अहवाल पाहता येतात. विभागनिहाय आणि योजनानिहाय मंजूर तरतूद किती, वितरित किती आणि खर्च किती, हे तिथे दिसते. वर्ष निम्मे सरले तरी अमुक खात्याचा खर्च इतकेच टक्के, अशा बातम्या वर्तमानपत्रांत येतात त्या इथूनच. तरतूद, वितरण आणि खर्च या तीन शब्दांतला फरक ज्याला कळला त्याला निम्मा विषय कळला. विधिमंडळाने परवानगी दिली की तरतूद होते. वित्त विभागाने हात सैल केला की वितरण होते. आहरण व संवितरण अधिकाऱ्याने देयक कोषागारात टाकले आणि ते पारित झाले की खर्च नोंदला जातो. घोषणा या सगळ्याच्या आधीची असते आणि तिला हिशेबात स्तंभच नाही.

पण बीम्समधला 'खर्च' म्हणजे गावात झालेले काम, असे समजू नये. आपल्या भागाच्या दृष्टीने मला हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वाटतो. जिल्हा परिषदेला दिलेला निधी कोषागारातून निघाला की राज्याच्या लेखी तो खर्ची पडला. प्रत्यक्षात तो जिल्हा परिषदेच्या खात्यात असतो आणि तो वापरायला तिला पुढच्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपर्यंत मुदत मिळते. ३१ मार्चला राज्याच्या वहीत खर्च झालेला रुपया त्यापुढेही वर्षभर बँकेत पडून असू शकतो. उपयोगिता प्रमाणपत्रे वेळेवर येत नाहीत, असे महालेखापरीक्षक वर्षानुवर्षे लिहीत आले आहेत, त्याचे मूळ इथे आहे. राज्याचा आकडा आणि गावातला रस्ता यांच्यामधला हा टप्पा कुठल्याही एका संकेतस्थळावर पूर्ण दिसत नाही. तो माणसांनीच जोडावा लागतो. त्यासाठी पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेतून प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिका, म्हणजे लोकांच्या भाषेत 'एमबी', या तिन्हींच्या तारखा मिळवायच्या आणि त्या बीम्सच्या तारखांशेजारी मांडायच्या.

उलटा प्रकारही होतो. तरतूद थोडी आणि मंजूर कामे पुष्कळ, अशी स्थिती आली की काम होते पण देयक थकते. याला शासकीय भाषेत दायित्व म्हणतात. रस्त्यांच्या कामांची यादी अर्थसंकल्पासोबत येते, तीत काही कामांपुढे नावापुरती टोकन तरतूद असते. अशा कामाच्या भूमिपूजनाला नारळ फुटतो, पण पैसा पुढच्या कितीतरी वर्षांत हप्त्याहप्त्याने येतो. २०२५ मध्ये थकीत देयकांसाठी राज्यभरच्या कंत्राटदारांनी आंदोलने केली, त्याची मुळे अशा याद्यांत होती. आपल्या तालुक्यातली कामे त्या यादीत शोधावीत आणि एकूण किमतीपुढे या वर्षीची तरतूद किती आहे ते पाहावे. तेवढ्यावरून काम केव्हा पुरे होईल याचा अंदाज येतो.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने हा सगळा विषय आपल्या दारात आणला. भूम-परंड्यात गावे पाण्याने वेढली गेली, सोयाबीन शेतातच कुजले. ७ ऑक्टोबरला राज्य सरकारने ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. या एका आकड्यात वेगवेगळ्या जातीच्या रकमा होत्या: पीकनुकसानीची थेट मदत, रब्बीसाठी हेक्टरी १०,००० रुपये, रस्ते-वीज-पाण्याच्या दुरुस्तीचा निधी आणि पीकविम्यातून मिळू शकणारे पैसे. शेतकऱ्याच्या खात्यात थेट पडणारा भाग वेगळा काढल्याशिवाय त्या आकड्याचा शेतकऱ्याच्या दृष्टीने अर्थ लागत नाही. आणि तो वेगळा काढता येतो. मदत व पुनर्वसन विभागाच्या शासन निर्णयांत जिल्हानिहाय बाधित शेतकरी, क्षेत्र आणि रक्कम दिलेली असते. खर्च २२४५ या नैसर्गिक आपत्तीच्या शीर्षाखाली पडतो. आपत्ती प्रतिसाद निधीत केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के असतो. त्या निकषांहून जास्त दिलेली मदत राज्य आपल्या तिजोरीतून देते. शासन निर्णयातला धाराशिवचा आकडा, तहसीलच्या याद्या आणि गावात लागलेली शेतकऱ्यांच्या विशिष्ट क्रमांकांची यादी या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या तर कोणता पैसा कुठे अडला हे नेमके सांगता येते. नुसते 'मदत मिळाली नाही' म्हणण्यापेक्षा असे सांगणे कितीतरी परिणामकारक ठरते.

मोठ्या प्रकल्पांसाठी 'सुप्रमा', म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, हा शब्द लक्षात ठेवावा. कृष्णा-मराठवाडा सिंचन प्रकल्पाला २००७ मध्ये सुमारे २,४०० कोटींची मान्यता होती. २०२२ मध्ये दुसऱ्या सुप्रमेने ती साडेअकरा हजार कोटींच्या पुढे गेली. मूळ मान्यता, प्रत्येक सुप्रमा आणि दरवर्षीची प्रत्यक्ष तरतूद एका कागदावर लिहिली तर उशिराची किंमत कोणी भाषण न करताही दिसते. सास्तूर परिसरासाठी आणखी एक खजिना उपलब्ध आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतरचे पुनर्वसन जागतिक बँकेच्या कर्जातून झाले आणि त्या प्रकल्पाची कागदपत्रे बँकेने खुली केली आहेत. आपल्या वसाहती कोणत्या हिशेबाने उभ्या राहिल्या, हे तिथल्या नव्या पिढीने वाचायला हवे.

प्रादेशिक वाटपाचा प्रश्न इथे टाळता येत नाही. वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्यातला अनुशेष सुमारे ३,१८७ कोटींचा काढला आणि जिल्हा हे माप धरले. १९९४ मध्ये मराठवाड्यासाठी वैधानिक विकास मंडळ आले. विजय केळकर समितीने २०१३ च्या अहवालात तालुक्यापर्यंत उतरण्याचा आग्रह धरला. ३० एप्रिल २०२० रोजी मंडळाची मुदत संपली आणि विभागवार वाटपावर लक्ष ठेवणारी घटनात्मक खिडकी बंद झाली. ती बंद होणे ही मराठवाड्यासाठी मोठी हानी आहे, असे मला वाटते. राज्याचा खर्च तालुकानिहाय दाखवणारा सार्वजनिक तक्ता नाही आणि तो नसल्यामुळेच मागासलेपणाची चर्चा भावनेवर चालते.

लेखापरीक्षणाचे कागद या सगळ्यावरचा पहारा आहेत. महालेखापरीक्षक राज्याचे वित्तीय लेखे, विनियोजन लेखे आणि राज्य वित्ताचा अहवाल देतात. अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळात येतो आणि लोकलेखा समितीकडे जातो. मराठवाड्याचे लेखे नागपूरच्या महालेखाकार कार्यालयात बनतात. दरमहाचे जमाखर्चाचे आकडेही महालेखापरीक्षकांच्या संकेतस्थळावर येतात, ते फार कमी लोक पाहतात. राज्याने दिलेल्या हमींचे विवरण वित्तीय लेख्यांत असते. महामंडळांच्या नावावर घेतलेले आणि शेवटी सरकारच्या अंगावर येऊ शकणारे कर्ज तिथे कळते. कर्जाच्या तुलनेसाठी रिझर्व्ह बँकेचा राज्यांच्या अर्थसंकल्पांवरचा वार्षिक अभ्यास सर्वांत विश्वासार्ह आहे. ग्रामपंचायतीच्या आणि जिल्हा परिषदेच्या हिशेबाला स्थानिक निधी लेखापरीक्षा आहे. तिच्या आक्षेपांची उत्तरे दिली गेली का, हा ग्रामसभेत विचारायचा प्रश्न आहे.

गावपातळीवर वित्त आयोगाचा निधी ई-ग्रामस्वराजवर ग्रामपंचायतनिहाय दिसतो. ग्रामपंचायतीच्या दप्तरात नमुना १ हे अंदाजपत्रक असते, ते मागता येते. जे संकेतस्थळावर नाही त्यासाठी माहितीचा अधिकार आहे. हा कायदा देशाला २००५ मध्ये मिळाला, महाराष्ट्राकडे स्वतःचा कायदा त्याआधीच होता. अर्ज दहा रुपयांचा, मजकूर दीडशे शब्दांत आणि विषय एकच. 'गेल्या पाच वर्षांची सर्व माहिती द्या' असा अर्ज बहुधा फसतो. लेखाशीर्ष, वर्ष आणि कामाचे नाव लिहून मागितलेली नेमकी प्रत मिळण्याची शक्यता जास्त. त्याहून सोपी सोय २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने केली आहे. जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख नागरिकांना पाहता येतात. या सोयीचा वापर व्हायला हवा तितका होत नाही.

अर्थसंकल्पाचा अभ्यास लोकांच्या बाजूने करणाऱ्या संस्था आहेत. गुजरातमध्ये 'दिशा'ने १९९० च्या दशकात आदिवासींच्या निधीचे आकडे आमदारांच्या हातात दिले. मुंबईत 'समर्थन' अनेक वर्षे आमदारांसाठी मराठीत विश्लेषण करते आहे. त्यांचे काम मोलाचे आहे, पण ते राज्याच्या पातळीवर थांबते. तालुक्याच्या पातळीवर कोणीच नाही आणि ही जागा तालुक्यानेच भरायला हवी.

म्हणून लोहाऱ्यातल्या शिक्षकांना, महाविद्यालयांतल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना, पत्रकारांना आणि ग्रंथालयांना विनंती आहे. सगळा अर्थसंकल्प हाती घेऊ नका. एकच शीर्ष घ्या, २५१५ घ्या. गेल्या तीन वर्षांच्या शासन निर्णयांत लोहारा तालुक्यातली कामे शोधा, गावांची यादी करा, रक्कम लिहा. मग एखाद्या सोमवारी दुपारी तीन वाजता पंचायत समितीत जा आणि प्रत्येक कामापुढे कार्यारंभ आदेशाची, मोजमापाची व शेवटच्या देयकाची तारीख भरा. तयार झालेला तक्ता गावागावांत लावा आणि त्याची एक प्रत जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीआधी जिल्हाधिकाऱ्यांना आणि आपल्या आमदारांना द्या.